गच्ची लाटण्याचा सराव

त्या काळी टेलिफोन घरात असला तरी घरातल्या कुणा एकाचा नसे. भिंतीजवळच्या उंच स्टुलावर तो काळा नि वजनदार बसलेला असे, एखाद्या रागीट मामंजींसारखा. तो खणखणला की घरातलं माणूस न् माणूस हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राही. माईंच्या घरी तो रविवारी सकाळी वाजे. धाकटीचा फोन. माई ओले हात पुसत धावत येत, रिसीव्हर उचलत, आणि त्याच क्षणी त्यांचे यजमान, म्हणजे अण्णा, वर्तमानपत्र डोळ्यांसमोर उभं धरत. वाचायला नव्हे. तो पडदा होता.

झालं होतं असं, की धाकटीनं बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि समुद्रकाठी जाऊन लोकांना फळीवर चढून लाटांवर उभं राहायला शिकवायचं ठरवलं. तेव्हा अण्णा एकच वाक्य बोलले होते, "उद्या वाऱ्यावर उभं राहायला शिकवशील." त्यावर धाकटी म्हणाली, "शिकवीन. तुम्ही त्या वर्गात नाव घालू नका म्हणजे झालं." तेवढंच. पण तेव्हापासून बापलेकीत सरळ बोलणं म्हणून नाही. जे काही बोलायचं ते माईंच्या तोंडून. तिकडून "अण्णांना सांग", इकडून "तिला म्हणावं". माई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच झाल्या होत्या, आणि एक्स्चेंजमधल्या बायकांना निदान पाळी बदलून मिळते. माईंना दुसरं काही नको होतं. या दोघांनी एकमेकांशी बोलावं, हवं तर कडाकडा भांडावं, पण ज्याचं त्यानं, आपापल्या तोंडानं.

त्या रविवारी धाकटी म्हणाली, "माई, पुढच्या महिन्यात माझी मोठ्या माणसांची तुकडी सुरू होतेय. केस पिकलेल्यांची. तुम्ही दोघं या की."

"या म्हणतेय," माईंनी पडद्याला सांगितलं.

"तिला म्हणावं, काठावर खुर्ची टाकून टाळ्या वाजवण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही."

"टाळ्या वाजवणार नाही म्हणतायत."

"टाळ्या कुणी मागितल्यात? पाण्यात उतरा म्हणावं."

"पाण्यात उतरा म्हणतेय."

वर्तमानपत्र किंचित थरथरलं. "उतरू की. त्यात काय?"

या 'त्यात काय'शी माईंची जुनी ओळख होती. याच दोन शब्दांवर अण्णांनी एकदा छताचा पंखा दुरुस्तीला खोलला होता, आणि तो उन्हाळा सगळ्या घरानं पुठ्ठ्यानं वारा घेत काढला होता. त्यांनी घाईघाईनं विषय बदलायला तोंड उघडलं, तोवर फोनमध्ये नेहमीची खरखर सुरू झाली. धाकटी खरोखर काय म्हणाली ते पुढं कळलं. माईंना ऐकू आलं ते असं, आणि त्यांनी ते जसंच्या तसं पोचवलं: "लाटण्यावर उभं राहायचं म्हणतेय. आधी रोज जमिनीवर सराव."

पडदा पहिल्यांदाच खाली आला. "लाटण्यावर?"

"असंच म्हणाली बाई. तोल सांभाळायला असेल."

अण्णांनी छताकडे बघून थोडा विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "खाली गोल वस्तू, वर सपाट वस्तू, त्यावर मनुष्य. शास्त्रीय आहे."

अण्णा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात मसुदे लिहीत. सगळ्या शहराला पाणी पाजणाऱ्या खात्यातला हा माणूस स्वतः घोट्याच्या वर पाण्यात कधी शिरला नव्हता. पण शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर. 'सर्फिंग' हा शब्द काही त्यांना तोंडात धरवेना. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला 'लाटारोहण' असं नाव दिलं, आणि नाव दिलं म्हणजे अर्धं काम झालं अशा समाधानानं ते स्वयंपाकघरात शिरून लाटणं घेऊन आले. पुस्तकांच्या मांडणीतली मधली फळी काढली. वरची पुस्तकं खालच्या पुस्तकांवर आली, खालची जमिनीवर आली, आणि लाटारोहणाला आरंभ झाला.

पहिल्या दिवशी फळी पुढं गेली आणि अण्णा मागं राहिले. दुसऱ्या दिवशी अण्णा पुढं गेले. मग फळी आणि अण्णा दोघंही जागेवर राहिले, पण लाटणं सुटलं ते कपाटाखाली जाऊन बसलं, आणि ते काढायला माईंना पोटावर झोपून झाडूनं चाचपावं लागलं. स्वयंपाकाला लाटणं लागलं की अण्णांच्या पायाखालून मागून आणायचं, आणि ते धुताना माई जरा जास्तच वेळ धूत.

आता बिऱ्हाड वरच्या मजल्यावर असलं की आपली जमीन ही दुसऱ्या कुणाचं तरी छत असते, हे माणूस विसरतो. माईंच्या खाली गाण्याच्या बाई राहत. त्या तिसऱ्या दिवशी वर आल्या. दारात अण्णाच उभे होते, पण त्या माईंशीच बोलल्या. एव्हाना सगळ्या इमारतीला तशी सवय लागली होती.

"पडायला माझी हरकत नाही म्हणावं," बाई म्हणाल्या. "पण ठेक्यात पडा. माझ्या मुली कशाबशा तालात येतात आणि वरून धप्प. काल एक मुलगी धप्पवर थांबली आणि तेच बरोबर आहे म्हणायला लागली."

"ठेक्यात पडा म्हणतायत," माईंनी सांगितलं.

"ऐकलं मी," अण्णा म्हणाले.

बातमी अशी खाली गेली, आणि सल्ले वर यायला लागले. सगळ्यात मोठे सल्लागार म्हणजे समोरच्या दारातले कर्नल. हे कर्नल सैन्यात कधीच नव्हते. त्यांच्या मिशा होत्या. समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता, पण अनुभवाअभावी सल्ला अडून राहिला असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नाही.

"गुडघे, अण्णा, गुडघे," कर्नल म्हणाले. "माणूस डोक्यानं पडत नाही, गुडघ्यानं पडतो. दात घासताना एका पायावर उभे राहा. आणि उलटं चाला. उलटं चालल्यानं मागचं दिसायला लागतं."

अण्णा उलटे चालायला लागले. इमारतीतल्या लांब व्हरांड्यात सकाळी त्यांची पाठ येताना दिसे आणि तोंड जाताना. एक दिवस हिशेब चुकला आणि ते स्वतःच्या दाराऐवजी पाठमोरे कर्नलांच्या घरात शिरले. आत कर्नलांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना बेताचंच दिसे. त्यांना दिसली ती दाराजवळ एका गृहस्थाची पाठ.

"निघालात?" त्या म्हणाल्या. "चहा तरी घेऊन जायचं होतं."

अण्णांना खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. ते "पुन्हा कधीतरी" म्हणून बाहेर पडले. घरी येऊन त्यांनी ही हकीकत फार गंभीरपणे सांगितली, आणि माई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून हसल्या.

कचेरीतली हकीकत मात्र त्यांनी आपण होऊन सांगितली नाही. ते भर दुपारी चिंब होऊन घरी आले, म्हणून सांगावी लागली. लाटारोहणात फळीवर पालथं पडून एका झटक्यात पायांवर यायचं असतं, एवढं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. जेवणाच्या सुटीत जुन्या कागदांच्या खोलीत कुणी येत नाही म्हणून ते तिथं पालथे पडले. झटका मारणार तोच शिपाई आला. साहेब जमिनीवर, डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. त्यानं आरडाओरडा केला नाही, शहाणा माणूस. तो सरळ गेला आणि बादली घेऊन आला. पाणीपुरवठा खात्याकडून इतक्या तातडीनं पाणी मिळालेले अण्णा हे शहरातले पहिलेच नागरिक.

"सोडा आता हे," माई म्हणाल्या. "पोरीला सांगते, तब्येत बरी नाही म्हणून. काठावर बसू. काय कमी होणार आहे आपलं?"

अण्णा टॉवेलमधून बाहेर आले. केस उभे राहिलेले, चेहरा लहान झालेला. "ती दहा जणांना शिकवणार," ते म्हणाले. "त्या दहा जणांत तिचा बाप सगळ्यांत आधी पडायचा नाही. बाकी मला काही नको."

माईंनी पुन्हा कधी 'सोडा' म्हटलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सुचवलं, की घरात आदळआपट करण्यापेक्षा गच्चीवर जा. वर कुणी नाही, खाली फक्त आपणच.

गच्ची होती इमारतीच्या संस्थेची, आणि संस्था म्हणजे सेक्रेटरी. जिन्यात खडूनं रेघ ओढली तरी या माणसाला अर्ज लागे. अण्णांना अर्जाचं काय भय? हयात मसुद्यांत गेली. त्यांनी तासभर बसून एक अर्ज लिहिला, त्यातले अनावश्यक शब्द काढले, मग आवश्यकही काढले, आणि शेवटी सोन्याच्या तारेसारखा ओढलेला विषय उरला: 'गच्ची लाटण्याच्या सरावासाठी मिळणेबाबत.'

यात एक स्वल्पविराम हवा होता. अण्णांच्या मते तो वाचणाऱ्यानं आपला आपण घ्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर तातडीच्या सभेची सूचना लागली. सभा गच्चीवरच भरली, बहुधा गच्ची अजून जागेवर आहे ना हे सगळ्यांना बघता यावं म्हणून. एक जण मोजपट्टी घेऊन आला होता. सेक्रेटरी अर्ज हातात धरून उभे राहिले, विंचू धरल्यासारखा, कडेनं.

"गच्ची लाटणारे पुष्कळ पाहिले मी," ते म्हणाले. "कुणी पत्रे घालतो, कुणी कुंड्या ठेवतो आणि मग म्हणतो आमच्याच. पण आधी अर्ज करून, रीतसर परवानगी घेऊन, सराव करून मग लाटणार, असं स्वतःच्या सहीनं लिहून देणारे तुम्ही पहिलेच."

"अहो, लाटण्याच्या," अण्णा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

"लाटणं हो. लाटणं. स्वयंपाकघरातलं."

"म्हणजे गच्चीवर स्वयंपाकघर पण काढणार?" मोजपट्टीवाला म्हणाला.

गाण्याच्या बाई म्हणाल्या, "पण मी म्हणते, लाटू द्या की. खाली पडण्यापेक्षा बरं."

कर्नल म्हणाले, की जमीन बळकावणं ही गोष्ट लष्करीदृष्ट्या एवढी सोपी नसते, आणि त्यांनी तिघांना बाजूला घेऊन ती समजावून सांगायला सुरुवात केली. अण्णा लाल झाले होते. हयातीत त्यांनी कुणाचं पेन्सिलीचं टोकसुद्धा घेतलं नव्हतं, आणि आज त्यांच्याच अक्षरात त्यांच्यावर गच्ची लाटल्याचा आळ आला होता. शेवटी माईंनीच खाली जाऊन फळी आणि लाटणं आणलं, गच्चीच्या मधोमध ठेवलं, आणि त्या अण्णांना म्हणाल्या, "चढा."

अण्णा चढले. रागामुळे असेल, पण त्या दिवशी तोल असा काही जमला की सभा गप्प झाली. फळी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, अण्णा वर तसेच, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, नजर समोर, समुद्राऐवजी वाळत घातलेल्या चादरींवर.

"दिसतं तेवढं अवघड नसावं," सेक्रेटरी म्हणाले. "नियमात बसतं का ते बघायला हवं." आणि चपला काढून ते स्वतः चढले. नियमात बसलं की नाही ते ठाऊक नाही, सेक्रेटरी मात्र बसले, कर्नलांच्या चादरीसकट, पाण्याच्या टाकीजवळ. मग मोजपट्टीवाला चढला. मग गाण्याच्या बाई, आणि त्या खरोखरच ठेक्यात पडल्या. त्या आठवड्यात इमारतीतल्या एकाही स्वयंपाकघरात लाटणं जागेवर सापडेना. परवानगी मिळाली. अट एकच घातली गेली, ज्यानं त्यानं आपापलं लाटणं आणावं.

रविवारी माईंनी ही सगळी गंमत धाकटीला सांगितली.

"लाटणं?" धाकटी म्हणाली. "माई, लाटांवर म्हटलं होतं मी. लाटांवर उभं राहायचं तर आधी जमिनीवर सराव करा. लाटा गं. समुद्रातल्या."

माई वळल्या. "लाटांवर म्हणाली होती ती. लाटण्यावर नव्हे."

पडद्यामागं पान उलटल्याचा आवाज. मग अण्णा म्हणाले, "तिला म्हणावं, ते माझ्या लक्षात आलं होतं. मी मुद्दामच अवघड घेतलं."

फोन ठेवल्यावर माई तिथंच स्टुलाजवळ उभ्या राहिल्या. 'ध'चा 'मा' व्हायला मध्ये कुणीतरी लागतंच. इथं लाटेचं लाटणं झालं, ते हसण्यावारी गेलं. पण इतके दिवस या दोघांच्या मध्ये आणखी काय काय पोचता पोचता बदललं असेल कोण जाणे. माया ऐकायची आणि सूचना पोचवायची, रुसवा ऐकायचा आणि निरोप पोचवायचा. त्यांनी त्याच वेळी ठरवलं, समुद्रावर गेल्यावर आपण मध्ये बोलायचं नाही.

म्हणून ज्या दिवशी ती दोघं बसमधून उतरली, त्या दिवशी माईंचा घसा बसला. म्हणजे त्यांनी बसवला. धाकटी समोरून आली, उन्हानं रापलेली, केस खाऱ्या वाऱ्यानं ताठ झालेले. माईंना मिठी मारून म्हणाली, "माई, अण्णांना विचार, प्रवास कसा झाला?" अण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. माईंनी घशाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"तिला म्हणावं, ठीक झाला," अण्णा म्हणाले.

माईंनी पुन्हा घशाकडे बोट दाखवलं.

माईंचा अंदाज असा, की आता नाइलाजानं बोलतील. ती दोघं बोललीच नाहीत. पिशव्या कुणी घ्यायच्या तेही हातांनीच ठरलं. जेवताना मीठ हवं होतं तर अण्णांनी मिठाशिवाय जेवण केलं. एक्स्चेंज होतं तेव्हा निदान निरोप तरी जात होते, आता तेही गेले. त्या दुपारी माईंना आपल्याच घशाचा इतका राग आला की सरळ तोंड उघडून बोलून टाकावं असं त्यांना वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर ती केस पिकलेली तुकडी जमली. धाकटीनं सगळ्यांना वाळूत बोटानं आपापली फळी काढायला लावली आणि त्या रेघांत पालथं झोपवलं. पहिला धडा जमिनीवरच. कुणाला ती "काका" म्हणे, कुणाला "मावशी". वडिलांपाशी आली तेव्हा क्षणभर थांबली आणि म्हणाली, "निळ्या टोपीनं मान वर ठेवायची."

निळी टोपी म्हणजे अण्णा. त्यांनी मान वर ठेवली.

पण एक मात्र खरं, वाळूवर त्यांच्यासारखं कुणी उठलं नाही. बाकीचे उठले ते कुणी एकेका गुडघ्यानं, कुणी देवाचं नाव घेत. अण्णा पालथे होते ते एकदम उभे होते. धाकटीनं ते पाहिलं. तिनं पुन्हा उठून दाखवायला सांगितलं, आणि मग सगळ्यांना म्हणाली, "निळ्या टोपीकडे बघा. असं उठायचं." माईंनी खुर्चीवरून पाहिलं, अण्णांचे कान लाल झाले होते. दहा जणांत सगळ्यांत आधी पडायचं नव्हतं त्यांना. वाळूवर ते सगळ्यांत शेवटीही पडले नाहीत.

मग सगळे पाण्यात शिरले. कमरेइतकंच पाणी होतं, पण वाळूला जी गोष्ट ठाऊक नव्हती ती पाण्याला ठाऊक होती. अण्णा सगळ्यांत आधी पडले. इतर जण पडायला अजून फळीवर चढायचे होते. पुन्हा चढले, पुन्हा पडले. पुढं, मागं, डावीकडे, उजवीकडे, लाटण्यानं शिकवलेल्या सगळ्या दिशांनी पडले. माई खुर्चीच्या कडेला येऊन बसल्या. हा माणूस आता बाहेर येईल, टॉवेल मागेल, संध्याकाळच्या बसनं घरी जायचं म्हणेल, आणि मग कुठला फोन नि कुठला रविवार.

अण्णा बाहेर आले नाहीत. धाकटी पाणी कापत त्यांच्यापाशी गेली. काही न बोलता तिनं त्यांची फळी मागून धरली, मागं वळून लाट पाहिली आणि ढकललं. अण्णा गुडघ्यांवर आले. मग पायांवर आले. शिंक यायला लागतो तेवढाच वेळ ते उभे होते, पण उभे होते, हात पसरून, आणि मग लाटेनं त्यांना दुमडून आत घेतलं.

फळी वर आली. टोपी वर आली आणि वाहत दुसरीकडेच निघाली. खाली बघावं तर नुसता फेस.

"अण्णा," धाकटीनं हाक मारली. वाऱ्यावरून ती हाक थेट खुर्चीपर्यंत आली. "अहो अण्णा."

फेसातून एक पिकलेलं डोकं वर आलं. अण्णांनी खारं पाणी थुंकलं, डोळे पुसले आणि समोर बघून म्हणाले, "ओरडतेस काय? इथंच आहे मी. तू फळी डावीकडे ढकललीस."

"मी सरळच ढकलली. तुम्ही खाली बघितलंत."

"खाली कोण बघतंय?"

पुढचं लाटांच्या आवाजात गेलं. माईंना आता एक अक्षर ऐकू येईना. नुसती दोन माणसं दिसत होती, कमरेइतक्या पाण्यात समोरासमोर, हात हलवून हलवून बोलणारी. तिनं गुडघे वाकवून दाखवले. त्यांनी मान हलवून ते साफ नाकारलं. तिनं कपाळाला हात लावला. एक लाट आली, दोघंही तिच्यात गडप झाली, आणि वर आली ती बोलतच वर आली.

शेजारच्या खुर्चीवर तुकडीतल्याच कुणाच्या तरी पत्नी विणत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

"अहो, तुमच्या माणसांचं जुंपलंय वाटतं तिकडे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी मध्ये पडायला हवं."

माईंनी चपला काढल्या, पाय वाळूत खुपसले आणि खुर्चीला निवांत पाठ टेकली.

"अजिबात नको," त्या म्हणाल्या. "पाणी कमरेइतकंच आहे."